नुसती धार लावून सिकल बार मोअर सुधारत नाही

सिकल बार मोअर (लांब आडव्या बारवर पात्यांची पट्टी इकडून तिकडे सरकवून गवत कापणारे यंत्र) नीट कापेनासा झाला, की पाती ग्राइंडरवर घासून घ्यावीत, पात्यांची पट्टी खडखडत असेल तर तिला वरून धरून ठेवणाऱ्या क्लिपा ठोकून घट्ट कराव्यात आणि तरीही भागले नाही तर इंजिनाचा वेग वाढवावा, बाकी काही पाहण्याची गरज नाही, असा एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतो आहे. बोथट पात्याला धार हवी, एवढे त्यातले खरे आहे. उरलेल्या सल्ल्याने चांगली यंत्रे खराब होतात.

पहिला मुद्दा धारेचाच. नावात विळा असला तरी हे यंत्र कापते कात्रीसारखे: त्रिकोणी पाते सरकते आणि बारवरच्या बोटांसारख्या गार्डमधल्या लेजर प्लेटच्या, म्हणजे खालच्या स्थिर पात्याच्या, कडेवर काडी तुटते. ती कड झिजून गोल झाली असेल, किंवा दगडाला आपटून एखादे गार्ड खाली वाकले असेल, तर पात्याला वस्तऱ्याची धार असूनही काडी दुमडून फटीत शिरते आणि पट्टी अडकते. इंजिन बंद करून अशी एक काडी पक्कडीने बाहेर काढून पाहावी. तिच्या टोकाला स्वच्छ छेद नसतो, तंतू सुटलेला चोथा असतो. तो दिसला, की दोष बहुधा पात्याच्या खाली शोधावा लागतो.

ग्राइंडरवर पाते एका जागी दाबून धरले, की कड निळी पडते, म्हणजेच पोलादाचे पाणी उतरते, आणि मग ती धार फार काळ टिकत नाही. मूळ उतार राखून, हलक्या हाताने, थांबत थांबत घासावे. दातेरी पात्याचे दाते घासून सपाट करणे तर सरळ चूक आहे. ते झिजले की पाते बदलावे.

क्लिप आणि पाते यांत अगदी बारीक फट लागते. ठोकून ती बुजवली, की पट्टी तापते आणि सगळा ताण पिटमनवर, म्हणजे पट्टीला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दांड्यावर, येतो. पिटमन सोडवल्यावर, हातमोजे घालून, पट्टी हाताने सहज सरकली पाहिजे. खडखड बऱ्याचदा पट्टीच्या मागच्या भागाला आधार देणाऱ्या, खालच्या झिजलेल्या वेअर प्लेटमुळे असते. त्या झिजल्या, की पट्टीचा मागचा भाग खाली बसतो आणि पात्याचे टोक लेजर प्लेटवरून उचलले जाते. तिथे प्लेटच बदलावी लागते.

वेगाचा सल्ला सर्वांत घातक आहे. पट्टीच्या प्रत्येक फेऱ्याच्या दोन्ही टोकांना पात्याचा मध्य गार्डच्या मध्यावर आला नाही, तर एका बाजूचा काप अपुरा राहतो, आणि वेग वाढवल्याने केवळ हादरे वाढतात. शिवाय काम करताना गवताच्या दाबाने बारचे बाहेरचे टोक मागे रेटले जाते. म्हणून यंत्र थांबलेले असताना ते दर मीटरला सुमारे 2 सेंटिमीटर पुढे ठेवतात. बिजागरीच्या पिना झिजून ही आघाडी गेली, की पिटमन आणि पट्टी एका रेषेत राहत नाहीत. पट्टी पुन्हा पुन्हा पिटमनच्या जोडाशी तुटत असेल, तर नवी पट्टी बसवण्यापूर्वी हे माप घ्यावे.