ठाणं आलं, आता ओळखीचा हवालदारही द्या

काही वर्षांपूर्वी संध्याकाळी साडेसातला आमच्या शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र खेचलं. दुचाकीवर दोघं होते. वाटी गेली आणि मणी रस्त्यावर विखुरले. काकूंनी मोबाइलच्या उजेडात एकेक मणी वेचला, रुमालात बांधला आणि मला म्हणाल्या, "चल, तक्रार देऊ."

पहिल्या ठिकाणी सांगितलं, दुभाजकाच्या पलीकडची बाजू आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या ठिकाणी पोचायला पाऊण तास लागला. तिथे तासभर बाकावर बसलो, रुमाल काकूंच्या मांडीवर तसाच. शेवटी त्या म्हणाल्या, "जाऊ दे, घरी जाऊ." ती तक्रार आजवर कुठेही नोंदलेली नाही. म्हणजे कागदोपत्री आमच्या रस्त्यावर त्या दिवशी काही घडलंच नाही.

म्हणूनच २०२४ मध्ये पुण्याला एकदम सात नवी पोलीस ठाणी मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. यात पेठांमधलं एकही नाव नाही, सगळी शहराच्या कडेची. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. टॉवर तर त्याआधीच उभे राहिले होते. लाखो माणसं राहायला आली, पण अडचण आली की जायचं कुठे, याचं उत्तर कित्येक वर्षं "लांब" एवढंच होतं.

पण नुसती इमारत पुरत नाही. आमच्याकडे मध्यंतरी एक बीट हवालदार होते, म्हणजे ठरावीक भाग नेमून दिलेले पोलीस. रात्री दहाच्या सुमारास मेडिकलसमोर गाडी लावायचे आणि चालत फिरायचे. कुठल्या इमारतीचा वॉचमन नवा आहे, कुठल्या बोळातला दिवा बंद आहे, कोणती मुलं दहावीनंतर कॉलेजला न जाता कट्ट्यावर बसतात, सगळं त्यांना ठाऊक. कोयते नाचवणाऱ्या टोळक्यात जाण्याआधीच त्यांनी दोन पोरांना बाजूला घेऊन समजावलं, घरी जाऊन आईवडिलांशीही बोलले. याची नोंद कुठल्या रजिस्टरात होणार? मग पालखीचा बंदोबस्त, गणपतीचा बंदोबस्त, सभांचा बंदोबस्त, आणि एक दिवस त्यांचं बीटच बदललं. आता कोण आहेत, हे मला माहीत नाही. त्यांनाही आम्ही माहीत नाही.

गावात पोलीस पाटील असायचा, त्याला घराघराची खबर असायची. गाव शहरात आलं की ही ओळख तुटते आणि तिच्या जागी सीसीटीव्ही येतो. कॅमेरा हवाच. पण चोरी झाल्यावर तो दाखवतो, आधी विचारपूस करत नाही.

पोलीस आणि लोकांची अशी ओळख आता अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढारी नव्हे, साधी माणसं आणि साधे पोलीस एकत्र बसवले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे हे.

माझी मागणी छोटी आहे. एका बीटवर एक अंमलदार निदान दोन वर्षं ठेवा, त्याला ऊठसूट बंदोबस्ताला ओढू नका आणि रात्री चौकीला कुलूप नको. आपल्या बाजूनेही थोडं करायला हवं. भाडेकरूंची नोंद किती जणांनी दिली आहे? आणि हद्दीचं कारण कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा: १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात त्याची माहिती देता येते. ते त्यांनी नोंदवून घ्यायचंच असतं.

येत्या रविवारी सकाळी अकराला सोसायटीच्या हॉलमध्ये आपल्या बीटच्या अंमलदारांना बोलावलं आहे. भाडेकरूंचे कागद आणि बंद दिव्यांची यादी घेऊन या. काकूंना मी सोबत आणतोय. तो रुमाल त्यांनी अजून जपून ठेवला आहे.