काझिमिएश दोल्नी हे गाव प्रेमकथेवर उभं राहिलेलं नाही

पोलंडमध्ये व्हिस्तुला नदीच्या काठी काझिमिएश दोल्नी नावाचं छोटं, देखणं गाव आहे. सहलीच्या व्हिडिओंतून आणि प्रवासलेखांतून त्याची एकच गोष्ट फिरत असते. काझिमिएश महान या राजाने हे गाव वसवलं. एस्तेरका या आपल्या ज्यू प्रेयसीसाठी त्याने शेजारच्या बोखोत्नित्साला किल्ला बांधला, दोन्ही किल्ले भुयाराने जोडले आणि तिच्या शब्दाखातर ज्यूंना हक्क दिले. तेव्हापासून गाव जसंच्या तसं आहे. ज्यू मात्र पुढे ‘निघून गेले’. या गोष्टीत तथ्य फार थोडं आहे आणि तिचं शेवटचं वाक्य तर खपवून घेण्यासारखं नाही.

आधी गाव वसवण्याचं बघू. काझिमिएश महान गादीवर आला १३३३ साली. त्याच्या दीडशे वर्षं आधी, ११८१ मध्ये, काझिमिएश न्यायी नावाच्या दुसऱ्याच सरदार-राजाने इथली वस्ती क्राकूव शहराजवळच्या नॉर्बर्टाईन पंथाच्या ख्रिस्ती साध्वींच्या मठाला दान दिली होती. गावाला नाव मिळालं ते या दात्याचं. महान राजाचं श्रेय नाकारायचं कारण नाही, शहराचा दर्जा आणि किल्ला हे त्याच्या काळातलंच. पण वस्ती आणि तिचं नाव त्याच्या जन्माआधीचं आहे.

भुयाराबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ते कुणाला सापडलेलं नाही.

एस्तेरकाचं प्रकरण मात्र नीट बघायला हवं. तिची कथा यान द्वुगोश या इतिहासकाराच्या ग्रंथातून पसरली. द्वुगोश जन्मला १४१५ मध्ये, राजाला जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. राजाच्या हयातीतल्या कोणत्याही कागदात ती नाही. आता हक्कांचं. पोलंडमधल्या ज्यूंना संरक्षण देणारी कालिशची सनद १२६४ ची आहे आणि ती बोलेस्वाव या सरदार-राजाने दिलेली आहे. काझिमिएशने १३३४ मध्ये, म्हणजे राज्यावर आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, तिला मान्यता दिली. राज्याला व्यापारी, सावकार, कारागीर हवे होते, म्हणून हा निर्णय झाला. ‘प्रेयसीच्या हट्टाने दिलं’ असं म्हटलं की ते हक्क कायद्याचे न राहता राजाची लहर होऊन बसतात, आणि अशा कथांचा उपयोग ज्यूंच्या विरोधकांनी पुढे पुरेपूर करून घेतला.

मग गाव श्रीमंत झालं कशाने? धान्याने. सोळाव्या आणि सतराव्या शतकात आसपासच्या सुपीक प्रदेशातला गहू आणि राय ही धान्यं इथल्या घाटावर यायची, दगडी कोठारांत साठायची आणि सपाट तळाच्या होड्यांतून, तराफ्यांतून नदीच्या प्रवाहाबरोबर ग्दान्स्क या बाल्टिक समुद्रावरच्या बंदराला जायची. तिथून डच जहाजांवर चढून पश्चिम युरोपात. आज जी घरं बघून पर्यटक थक्क होतात, ती याच पैशाची. चौकातली १६१५ ची प्शिबिवा बंधूंची जोडघरं बघा. मिकोवाय आणि क्शिश्तोफ या भावांनी आपापल्या नावाचे संत दर्शनी भिंतीवर कोरून घेतले आहेत. राजाचा इथे काही संबंध नाही, हा व्यापाऱ्यांचा थाट आहे. आणि ते धान्य जहागिरींवर वेठबिगारीने राबणाऱ्या कुळांनी पिकवलेलं होतं, हे सांगितल्याशिवाय त्या घरांचा हिशोब पूर्ण होत नाही. नदीकाठची काही कोठारं अजून उभी आहेत. मार्गदर्शक किल्ल्यावर घालवतात त्यातला थोडा वेळ तिथे घालवला तर गावाचा इतिहास खरोखर कळेल.

‘काळ थांबलेलं गाव’ हे वर्णनही टिकत नाही. १५६१ आणि १५८५ मध्ये इथे मोठ्या आगी लागल्या, १६५६ मध्ये स्वीडिश सैन्याने गाव जाळलं. अठराव्या शतकाच्या शेवटी शेजारच्या सत्तांनी पोलंड वाटून घेतला, ग्दान्स्कचा मार्ग तुटला आणि धान्याचा व्यापार बसला. रशियाविरुद्धच्या १८६३ च्या उठावानंतर रशियन सत्तेने शहराचा दर्जाच काढून घेतला. तो परत मिळाला १९२७ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर गाव पुन्हा उभं करण्यात वास्तुरचनाकार कारोल सिचिन्स्की यांचा मोठा वाटा होता. म्हणजे आजचं रूप बऱ्याच अंशी विसाव्या शतकातल्या लोकांनी विचारपूर्वक घडवलेलं आहे. त्या कष्टांना ‘काळ थांबला’ म्हणून पुसून टाकणं बरोबर नाही.

आता ते शेवटचं वाक्य. युद्धापूर्वी या गावात सुमारे निम्मे लोक ज्यू होते. जर्मनांनी १९४० मध्ये त्यांना घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत, कोंडलं आणि मार्च १९४२ मध्ये ओपोले लुबेल्स्के मार्गे बेउझेत्सच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. ते निघून गेले नाहीत. त्यांच्या दफनभूमीतले दगड उपटून, ज्या मठात गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांचं ठाणं होतं त्याच्या अंगणात फरसबंदीला वापरले गेले. अठराव्या शतकातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उद्ध्वस्त झालं. १९५३ मध्ये ते पुन्हा बांधलं गेलं, पण चित्रपटगृह म्हणून. गावाबाहेर चेर्न्यावी इथे १९८४ मध्ये, तादेउश आउगुस्तिनेक यांच्या आराखड्यानुसार, त्याच तुटक्या दगडांची स्मारकभिंत उभारली गेली. चौक, चर्च, किल्ला आणि परत, एवढ्याच फेरीच्या सहलीत ती येत नाही. सहल आखणाऱ्यांनी एस्तेरकाच्या गोष्टीला दिलेला वेळ या भिंतीला द्यावा आणि तिथे १९४२ हे साल सांगावं.