ह्याच्यासाठी जागत होतास व्हय?

आधीच सांगतो, बॉर्डरलँड्स पिक्चरमधल्या केट ब्लँचेटशी माझं काही वाकडं नाहीये. दोन ऑस्कर घेतलेली बाई आहे, पैसे मिळाले, काम केलं, विषय संपला. माझं वाकडं आहे ते त्या माणसाशी ज्याने कुठल्यातरी एसी मीटिंगमध्ये बसून ठरवलं की बॉर्डरलँड्स हा व्हिडिओ गेम घेऊया, त्यावर पिक्चर काढूया, नाव तेच ठेवूया, आणि आत गेममधलं काहीच नको ठेवायला. तो माणूस मला एकदा, फक्त एकदा, आमच्या सोलापुरात सात रस्त्याला भेटायला पाहिजे. दुपारी दोन वाजता. मे महिन्यात.

झालं असं की रविवारी ताई-दाजी आले होते पुण्याहून. जेवणं झाली, शेंगापोळी झाली, बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलरमधलं पाणी संपत आलेलं त्यामुळे तो नुसताच गरम वारा आणि वाळ्याचा वास फेकत होता, आणि दाजींनी रिमोट हातात घेतला. दाजींच्या हातात रिमोट गेला की माझ्या पोटात गोळाच येतो. वर खाली, वर खाली करत करत बरोबर बॉर्डरलँड्सवर येऊन थांबले. "अरे, हा तुझा गेमवाला ना? लावू का?" मी हा पिक्चर 2024 पासून ठरवून टाळत आलोय. ट्रेलर बघूनच कळलं होतं ना. नको म्हणलं, दुसरं काहीपण लावा, बातम्या लावा, पण ताई म्हणाली, "लाव हो, बघू तरी हा रात्र रात्र जागून काय करायचा ते."

म्हणजे बघा, पिक्चर नाही लागला तो, माझी सुनावणी लागली. आई शेंगा निवडत बसलेली, बाबा पेपरमागे, भाचा पालथा पडून अगदी टीव्हीच्या नाकासमोर, आणि मी आरोपी.

तर रोलंड. गेममधला रोलंड म्हणजे फौजी गडी. उंच, गंभीर, कामापुरतं बोलणारा, वेळ आली की टरेट, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी तोफ, रोवून सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा. आम्ही गेममध्ये त्याच्या जिवावर वाचलोय. आणि पडद्यावर कोण येतंय? केव्हिन हार्ट. मला केव्हिन हार्ट आवडतो बे, तो विनोदाला आवडतो! त्याला रोलंड करायचं कुणाच्या डोक्यात आलं? आणि बरं, त्याला विनोद तरी करू द्यायचे, तर तेही नाही, त्याला गंभीर उभा केलाय. जे येतं ते करू द्यायचं नाही आणि जे येत नाही तेच करायला लावायचं.

दाजी म्हणाले, "हा हीरो आहे का?" मी पॉज केलं आणि सांगायला लागलो की गेम 2009 चा आहे, त्याचा अख्खा लुकच कॉमिकसारखा आहे, जाड काळ्या आउटलाइनी, आणि त्यात बंदुका इतक्या प्रकारच्या निघतात की एकाला मिळालेली दुसऱ्याला मिळेलच असं नाही, गेमची सगळी मजा तिथेच आहे, पेटी उघडायची आणि आत काय निघतंय बघायचं. पिक्चरमध्ये पेटी नाही, बंदुकीचं कौतुक नाही, गेम मोठ्यांसाठीचा आणि पिक्चर पीजी थर्टीन, पोरांनाही चालेल असा, म्हणजे वेड्यांच्या ग्रहावर सगळे वेडे अगदी शिस्तीत मरतात, रक्ताचा थेंब नाही. दाजी म्हणाले "हं." आणि प्ले केलं.

आणि मग क्लॅपट्रॅप. हा रोबो अंगावर गोळ्या झेलतो आणि नंतर त्या मागच्या बाजूने एकेक करून बाहेर टाकतो. टण. टण. टण. परसाकडला बसल्यासारखा. कॅमेरा तिथेच, हलायचं नाव नाही. आणि नेमकी तेव्हाच आजी चहा टाकू का विचारायला बाहेर आली. तिने टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग काही न विचारता आत गेली. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

शिव्या नाही, पण आईने विचारलंच. हातातली शेंग फोडत, माझ्याकडे न बघता. "ह्याच्यासाठी जागत होतास व्हय?"

आता काय बोलणार? हा प्रश्न मी कॉलेजपासून चुकवत आलोय. मी दर वेळी सांगायचो, आई त्यात स्टोरी असते, माणसं असतात, लिहिलेलं असतं ते नीट, तुझ्या सिरियलीपेक्षा बरं असतं. आणि आज आईला पुरावा मिळाला. पुरावा कुणी दिला? हॉलिवूडने. शंभर मिलियन डॉलरच्या वर खर्च करून. जगभरात जमले 33 मिलियनच्या आसपास, बुडाले, बरं झालं बुडाले, पण त्यांचं नुसतं पैशाचं नुकसान झालं, पुढच्या वर्षी दुसरा पिक्चर काढून भरून काढतील. माझी घरात जी थोडीफार इज्जत होती ती कुठून भरून काढायची?

हेच मला ह्या लोकांचं कळत नाही. तुम्हाला गेमची लाज वाटते, कॉमिकची लाज वाटते, कपड्यांची लाज वाटते, मग घेता कशाला? हक्क विकत घ्यायला कुणी गळ्यावर सुरी ठेवली होती का? मोर्टल कॉम्बॅट घ्या. 2021 चा. मोर्टल कॉम्बॅट म्हणजे काय, लहान पोर सांगेल, स्पर्धा. लढतींची स्पर्धा. पिक्चरमध्ये स्पर्धाच नाही! अख्खा पिक्चर स्पर्धेच्या तयारीचा. गड्ड्याच्या जत्रेला घेऊन जातो म्हणायचं आणि पार्किंगमधूनच परत आणायचं, तसलं. आणि वर एक कोल यंग नावाचा नवाच माणूस घातलाय, जो कुठल्याच गेममध्ये नव्हता, आणि तोच हीरो. रेसिडेंट ईव्हिल गेमच्या पिक्चरमध्ये 2002 ला ॲलिस नावाची नवीच बाई घातली तेव्हापासूनची ही खोड आहे. इतकी वर्षं जमवलेली माणसं आहेत गेममध्ये, लोक त्यांच्यासाठी येतात, आणि तुम्ही लग्नात नवरदेव सोडून केटरिंगवाल्याचे फोटो काढता.

मॅक्स पेनचं तर मी बोलणारच नव्हतो. पण आता निघालंच आहे तर. नव्या पेठेजवळ एका बोळात कॅफे होता, जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असलं तर खाली थांबायचं, आणि कीबोर्डवर डब्ल्यू, ए, एस, डी ह्या गेममध्ये पळायच्या चार बटणांवरची अक्षरं पार पुसलेली, बाकी कीबोर्ड नवा कोरा. तिथे मी मॅक्स पेन खेळलो. लाइट जायची, यूपीएस कुईंकुईं करायचा, आणि सेव्ह केलेलं नसलं की सगळा कॅफे एका सुरात ओरडायचा. त्या गेममध्ये गोष्ट कॉमिकच्या चौकटींतून सांगितलीये, मॅक्स स्वतःच्या आवाजात बोलतो, न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडतोय, आणि उडी मारली की वेळ हळू होतो. आम्ही सोलापूरच्या उकाड्यात बसून त्या बर्फाने गारठायचो. 2008 ला पिक्चर आला. त्यात काय दाखवलं? पंखवाले राक्षस. नशेत दिसतात म्हणे. चौकटी गायब, उडीतली स्लो मोशन चवीपुरती, आणि मार्क वॉलबर्ग अख्खा पिक्चर अशा तोंडाने फिरतो की त्याचंच कुणीतरी सेव्ह केलेलं उडवलंय.

आणि कॉमिकवाले काय कमी आहेत? 2009 च्या वुल्व्हरिनमध्ये डेडपूलचं तोंड शिवून टाकलं. ज्या माणसाची ओळखच बडबड आहे त्याचं तोंड! डेडपूल करायला रायन रेनॉल्ड्स समोर उभा असताना! त्याच माणसाने पुढे 2016 ला स्वतःच्या पिक्चरमध्ये तोंड उघडलं आणि पैशाचा पाऊस पडला, म्हणजे चावी खिशातच होती आणि हे कुलूप फोडत बसले होते. 2007 ला फँटॅस्टिक फोरच्या पिक्चरमध्ये गॅलॅक्टसचा ढग केला. ग्रह खाणारा एवढा मोठा राक्षस, डोक्यावर तो जगात प्रसिद्ध शिरस्त्राण, आणि पडद्यावर ढग. आमच्याकडे जूनमध्ये आम्ही ढगाची वाट बघत बसतो, तो येत नाही, आणि ह्यांनी नको तिथे आणला.

पण सगळ्यावर कडी म्हणजे सुपरमॅनची मिशी. 2017 चा जस्टिस लीग. परत शूटिंग करायचं निघालं तेव्हा हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या पिक्चरसाठी, मिशन इम्पॉसिबलसाठी, मिशी वाढवलेली, आणि ते लोक म्हणाले, काढायची नाही. मग काय, मिशीसकट सुपरमॅनचं शूटिंग केलं आणि नंतर कॉम्प्युटरवर मिशी पुसली. वरचा ओठ असा दिसतो की गांधीलमाशी चावलीये. अरे, आमच्या गल्लीत गणपतीत नाटक बसवतात, तिथे आठवीतलं पोरगं डिंकाने मिशी चिकटवून शिवाजी होतं आणि दोन अंक निभावतं. तुमच्या मिशन इम्पॉसिबलला एक खोटी मिशी इम्पॉसिबल होती?

हेल्मेटचा विषय. हा माझा खास आहे, ज्यांना माहितीये ते इथून सटकले तरी चालेल. मुखवटा असलेला हीरो मुखवट्यातच राहिला पाहिजे. जज ड्रेडचा चेहरा कॉमिकमध्ये कधीच दाखवत नाहीत, 1977 पासून नाही, आणि 1995 ला स्टॅलोनने आल्या आल्या हेल्मेट काढलं कारण साहेबांचा चेहरा दिसायला हवा. 2012 ला कार्ल अर्बनने नाही काढलं, शेवटपर्यंत नाही, नुसत्या हनुवटीवर पिक्चर ओढला, आणि तो पिक्चर चालला नाही. हेलो गेमवरच्या सिरीजमध्ये तर त्याच्या हीरोने, मास्टर चीफने, पहिल्याच एपिसोडमध्ये हेल्मेट काढलं. हे मी इतक्या तावातावाने सांगत होतो की दाजी म्हणाले, "तू आधी स्वतःच्या डोक्यावर घाल की, परवा पार्क चौकात पोलिसाने पाचशे घेतले ना तुझ्याकडून?" सगळे हसले. आजी आतून हसली. म्हणजे ऐकत होती.

आणि मग भाचा म्हणाला, "मामा, पिक्चर बघू दे की."

तेव्हा मला दिसलं की रिमोट माझ्याच हातात आहे आणि पिक्चर थांबलेला आहे, केव्हिन हार्टचा एक डोळा अर्धवट मिटलेला, आणि मी हॉलच्या मधोमध उभा राहून 1995 बद्दल बोलतोय. चहा गार झालाय. भाच्याला क्लॅपट्रॅप लई आवडला होता. गोळ्यांचा सीन त्याने परत लावायला सांगितला. ह्याच पोराने माइनक्राफ्टच्या पिक्चरला पॉपकॉर्न उधळलं होतं आणि ताईने थेटरातच धपाटा घातला होता. त्याला ढगाचं, मिशीचं, कशाचं काही पडलेलं नाही. बसलो गप खाली. दहा मिनिटं बसलो. मग परत एक सीन आला आणि परत तोंड सुटलं.

बदल करू नका असं नाहीये माझं. द लास्ट ऑफ अस बघा, 2023 ची सिरीज, तिसरा एपिसोड, बिल आणि फ्रँकचा. गेममध्ये ते असं नाहीच, पार उलटं आहे. इथे बदललं आणि मी उशीत तोंड खुपसून रडलो. कारण ज्याने बदललं त्याला मुळात काय आहे ते माहिती होतं. आपला चिंटू घ्या, पेपरातल्या चार चौकटींचा जीव, 2012 ला त्याचा पिक्चर केला, ताणलाय, पण पोरगं चिंटूच वाटतं, वरचे केससुद्धा जागेवर. एवढंच मागतोय मी. केस जागेवर ठेवा.

बाबा मधेच पेपरमागून म्हणाले, "वेताळ चांगला केला होता." बाबांकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा ट्रंकभर साठा होता, आजोबांनी तो एका दिवाळीत रद्दीला घातला, त्यावर अजून घरात बोलायचं नाही असा नियम आहे. तर वेताळ म्हणजे फँटम, त्याचा 1996 चा बिली झेनचा पिक्चर. मी नंतर बघितला. बाबा बरोबर आहेत हो, संथ आहे, पण जांभळे कपडे जांभळेच ठेवलेत, लाजून काळ्या लेदरमध्ये नाही घातला. आणि तो साफ पडला. म्हणजे मी जे मागतो ते दिलं तरी लोक बघत नाहीत, ड्रेडचंही तेच, मग माझ्या ओरडण्याला काय अर्थ, असं कुणी म्हणेल. म्हणा. मी ओरडणारच. 2019 ला सोनिक ह्या गेमवरच्या पिक्चरचा ट्रेलर आला होता, त्यातल्या सोनिकला माणसासारखे दात, लोक इतके बोंबलले की त्यांनी रिलीज पुढे ढकलून अख्खा सोनिक नव्याने केला, आणि तो चालला. बोंबलून काम होतं. फक्त दिग्दर्शक उवे बोलच्या वाट्याला जाऊ नका, हाउस ऑफ द डेड, अलोन इन द डार्क सगळी त्याचीच पापं, त्याने 2006 ला टीका करणाऱ्यांना बॉक्सिंगच्या रिंगणात बोलवून खरोखर बदडलं होतं. माझं वजन 58 किलो आहे, म्हणून त्याच्याबद्दल माझं मत राखून ठेवतो.

आता झेल्डा ह्या गेमचा पिक्चर येतोय. खरी माणसं घेऊन. गेममधला हीरो लिंक बोलत नाही. इतकी वर्षं झाली, इतके गेम झाले, तो नुसता हं, हा, हय्या करतो, आणि त्याच्यात आपण असतो म्हणून तो बोलत नाही. ह्याला हे लोक बोलायला लावणार. नुसतं बोलायला नाही, राक्षस मेल्यावर टोमणा मारायला लावणार, आणि शेजारी एक बडबड्या साथीदार देणार, आणि तो साथीदार मागच्या बाजूने काहीतरी बाहेर टाकणार. लिहून घ्या माझ्याकडून. दाजींनी आत्ताच विचारलंय, कधी आहे रे तो, आपण सगळे जाऊ.