टोप्या आहेत का?

मामांनी जुना गाळा रिकामा केला तेव्हा ज्याला जे हवं ते त्याने नेलं. जे कोणालाच नको होतं ते माझ्या वाट्याला आलं. मोटारीची चार चाकं. मोटार स्वतः कधीच भंगारात गेली होती, मागे फक्त ही चार भावंडं राहिली होती.

"मॅग व्हील्स आहेत रे," मामा म्हणाले. "असली आता मिळत नाहीत. विकताना कोणी टोपी घालणार नाही, तेवढं बघ."

चाकं गॅलरीत आली. वाळत घातलेले कपडे काढायला बायकोला त्यांच्यावरून लंगडीसारखं जावं लागायचं. चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "गाडी नाही, तर चाकं कसली जपताय?" मी तिला सांगितलं की मोटारी बनवणाऱ्या एत्तोरे बुगाटीने १९२४ साली लियोंच्या ग्रां प्रीमध्ये रेसिंगच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं लावली, आणि त्याच्या चाकात ब्रेकचा ड्रमसुद्धा एकत्रच ओतलेला होता. त्या शर्यतीत त्याच्या टायरांनी दगा दिला, हे मात्र मी सांगितलं नाही. तिने कपडे काढले आणि म्हणाली, "रविवारपर्यंत."

विकायचं तर आधी वस्तू काय आहे ते कळायला हवं. मामांच्या 'मॅग' या शब्दाने माझ्या मनात हाव जागी केली होती. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. एके काळी रेसिंगची चाकं खरोखर त्याची असायची, त्यामुळे पुढे रस्त्यावरच्या ॲल्युमिनियमच्या चाकांनाही लोक मॅगच म्हणू लागले. धातू बदलला, पण नाव राहिलं. माझी चाकं खऱ्या मॅग्नेशियमची निघाली तर मामांना सांगायचं की नाही, याचा विचार मी आधी केला आणि तपासणी नंतर.

लोहचुंबक चिकटला नाही. पण तो दोन्ही धातूंना चिकटत नाही, त्यामुळे चाकं लोखंडी नाहीत एवढंच कळलं आणि ते उचलतानाच कळलं होतं. मग वजन. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७०. मी वजनकाट्यावर एकदा चाक घेऊन आणि एकदा चाकाशिवाय उभा राहिलो. दोन्ही आकडे वाचून चाकापेक्षा माझीच काळजी वाटू लागली, म्हणून वजाबाकी राहूनच गेली. शेवटी व्हिनेगर. चाकाच्या आतल्या बाजूला कानशीने जरासं खरवडून उघड्या धातूवर थेंब टाकायचा. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात. मी भिंग घेऊन दहा मिनिटं उकिडवा बसलो. थेंब शहाण्या मुलासारखा जागच्या जागी बसून राहिला. ॲल्युमिनियम.

मागच्या बाजूला अक्षरं होती : १४ × ६ जेजे. जेजे ही कंपनी असणार, हे मी क्षणात ओळखलं. पुढचे तीन दिवस मी भेटेल त्याला 'जेजे कंपनीची दुर्मीळ चाकं' असं सांगत होतो. चौथ्या दिवशी एका मेकॅनिकने शांतपणे समजावलं की जे किंवा जेजे म्हणजे रिमच्या कडेचा आकार, टायर जिथे अडकतो त्या कंगोऱ्याचा. जगातल्या बहुतेक चाकांवर हे अक्षर असतं. म्हणजे मी 'साईज नऊ कंपनीचे बूट' विकत होतो.

शिवाय अक्षरांवर माझा विश्वास नव्हता. टेपने मोजलं तर व्यास पंधरा इंचांच्या थोडा वरच भरला आणि रुंदी सात. ओतणाऱ्यानेच चूक केली असणार. मी '१५ × ७' असं जाहीर केलं आणि एक गृहस्थ पंधराचे टायर गाडीत घालून आले. टायर चाकावर ठेवला तर चाक वडिलांचा कोट घातलेल्या मुलासारखं दिसू लागलं. चाकाचं माप बाहेरच्या कडेवर घेत नाहीत, आत टायर जिथे टेकतो तिथे घेतात. गृहस्थ सज्जन होते. जाताना दोनच वाक्यं बोलले, पण ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

खरा कस लागला तो बोल्टच्या भोकांनी. भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास सांगितल्याशिवाय चाक कुठल्या गाडीला बसेल हे कळत नाही. चार भोकं असती तर समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून मोकळा झालो असतो. माझ्या चाकाला पाच. पाचात कुठल्याच भोकासमोर भोक नसतं. तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. शिवणकामाच्या टेपने एकदा ६६ मिलिमीटर आलं, एकदा ६७. ६६ ला गुणलं की ११२ च्या आसपास येतं, म्हणजे मर्सिडीज किंवा फोक्सवॅगनचं घराणं. ६७ ला गुणलं की ११४, म्हणजे साडेचार इंचांचं ११४.३, जे कितीतरी जपानी गाड्यांना चालतं. टेप जरा ताणला की चाक जर्मनीतून उठून जपानला जायचं. दुपारभर मी त्याला असं हिंडवलं. संध्याकाळी शेजाऱ्यांचं व्हर्निअर मिळालं : ६७.२. जपान. आत एका आऱ्याच्या पाठीवर बारीक 'जेडब्ल्यूएल' हेही सापडलं, हलक्या धातूच्या चाकांसाठीच्या जपानी मानकाची ती खूण. पण मानक जपानचं असलं म्हणून ओतकाम जपानचंच असं नाही. कंपनीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. तीन आठवडे मी जुन्या चाकांचे फोटो पाहत होतो. त्यात एक कळलं : आठ आऱ्यांचं चाक दिसलं की प्रत्येक जण त्याला मिनिलाइट या नामांकित कंपनीचं म्हणतो आणि बहुतेक वेळा ते नसतं.

आता किंमत. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो, मामा आठवणींचा सांगतात. जाहिरातींत लोक जो मागतात तो तिसरा. त्यात गंमत अशी की जी चाकं विकली गेली ती जाहिरातीतून जातात, आणि दिसत राहतात ती न खपलेली. आपण न खपलेल्या भावावरून आपला भाव ठरवतो. मीही तसाच ठरवला.

वर एक शहाणपण केलं. 'जरा घासली की नवीन होतील' या श्रद्धेने ड्रिलला पॉलिशचं चाक लावून मी एका चाकाचं मूळ लॅकर उडवलं. ते आरशासारखं झालं. बाकीची तीन त्याच्या शेजारी लगेच म्हातारी दिसू लागली. जुन्या चाकांच्या शौकिनांना मूळ रंगरूप हवं असतं, निदान चारही सारखी तरी हवी असतात. माझ्याकडे आता तीन चाकं आणि एक आरसा होता.

चाकाला तडा आहे का हे पाहायला ते टांगून लाकडी हातोडीने हलकेच वाजवतात. धड असेल तर खणखणतं, तडा असेल तर आवाज भद्द येतो. (अगदी बारीक तडे यातून सुटतात, त्यासाठी आत शिरणारा रंग लावून बघावं लागतं.) माझी चारही खणखणीत वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू आरती कुठे चाललीये ते बघायला वर आल्या.

मग गिऱ्हाइकं. पहिल्या अकरांनी फक्त 'आहेत का?' विचारलं. 'आहेत' म्हटल्यावर ते अंतर्धान पावले. बाराव्याने वस्तू न बघता 'फायनल किती?' विचारलं. ही जमात मला मनापासून आवडत नाही. ज्या सौद्याची सुरुवातच झालेली नाही त्याचा शेवट कसला विचारता? एकाला एकच चाक हवं होतं, तेही आरसा. एक बाई काच टाकून टीपॉय करणार होत्या. चाक रस्त्याऐवजी दिवाणखान्यात जाणार म्हणून मी उगाच ताठरलो आणि नाही म्हणालो. तेव्हाच रविवार उलटून तीन रविवार झाले होते.

शेवटी एक किडकिडीत, अबोल गृहस्थ आले. गुडघे टेकून बसले, चाक उलटं केलं, हब जिथे बसतो तिथली पांढरी भुकटी नखाने खरवडली, मधल्या भोकातून बोट फिरवलं.

"टोप्या आहेत का?"

"कसल्या?"

"मधलं भोक झाकणाऱ्या. अशाच चाकांचा सेट आहे माझ्याकडे, फक्त टोप्या नाहीत."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, मामांच्या पिशवीत ती चार झाकणं होती तीच का?" ती झाकणं गेले तीन आठवडे शिवणाच्या खणात वाट्यांसारखी उताणी मांडलेली होती. एकीत टाचण्या, एकीत हुक, एकीत बटणं, एकीत टिचबटणं. शेवटचीत तिने ओळखायला म्हणून तसं पेनाने लिहूनही ठेवलं होतं.

तिने ती रिकामी करून दिली. गृहस्थांनी एकेक पालथी करून बघितली, त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही. मग त्यांनी जो आकडा सांगितला तो भंगारवाल्याने चारही चाकांना मिळून दिलेल्या भावापेक्षा जास्त होता. मी घासाघीससुद्धा केली नाही. ते गेल्यावर बायकोला म्हणालो, "बघ, झाकणं विकली आणि चाकं तशीच आपल्याकडे!" हे बोलताना मला ती आनंदाची बातमी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी एकाचा फोन आला. चाकं पसंत होती, भावही मान्य होता. "फक्त टोप्या असतील ना?"

त्यानंतर सहा जणांनी तेच विचारलं. सातव्यानंतर मीच टोप्या शोधायला लागलो. एका संध्याकाळी जाहिरात दिसली : चार मूळ टोप्या, दुर्मीळ. खाली ठळक अक्षरांत चाकांच्या कंपनीचं नाव, जे मी तीन आठवडे शोधत होतो आणि जे टोपीच्या पुढच्या बाजूला, टाचण्यांच्या खाली, आमच्याच खणात होतं. दुसऱ्या फोटोत एक टोपी उताणी होती. आत पेनाने लिहिलेलं होतं, 'टिचबटणं'.

मी फोन हातात घेतला आणि टाईप केलं, "फायनल किती?"