नुसतं "खूप दुखतंय" सांगू नका

नवऱ्याचं किंवा बायकोचं जुनं, तीव्र दुखणं घेऊन डॉक्टरांकडे गेलं की बहुतेक वेळा काय होतं? "कसं आहे आता?" "खूप दुखतंय हो." "बरं, गोळ्या चालू ठेवा, महिन्याने या." बाहेर पडता पडता दोघंही म्हणतात, या डॉक्टरांना माणुसकी नाही. कधी कधी ते खरंही असतं. पण अनेकदा डॉक्टरांच्या हाती काही लागलेलंच नसतं, कारण 'खूप' या शब्दावरून औषध ठरत नाही. आणि इथे कामी येतो तो जोडीदारच. दुखणारा माणूस सहन करण्यात गुंतलेला असतो, बघत असता तुम्ही.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणकतंय, कळ येते, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात, पोटरीत ओढ लागते. हे डॉक्टरांपुढे जसेच्या तसे वापरा, 'पेन आहे' म्हणून सपाट करू नका. आग, वीज गेल्यासारखी सळक, सुया टोचणं, मुंग्या, बधिरपणा, खाज, गार लागल्यासारखं दुखणं हे बरेचसे नसांच्या दुखण्याचे शब्द. डीएन-४ नावाची प्रश्नावली नेमकं हेच विचारते. नुसती चादर लागली तरी सहन होत नसेल तर तेही सांगा, ती फार महत्त्वाची खूण आहे.

हे एवढं का, तर नसांच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. तिथे अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन अशी औषधं लागतात. आणि इथेच घरोघरी घोटाळा होतो. पहिली दोन नैराश्यावरही देतात. कोणीतरी मोबाइलवर नाव शोधतं, "म्हणजे डॉक्टरांना हे मानसिकच वाटतंय" असं ठरतं आणि गोळी बंद. प्रत्यक्षात दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, नैराश्याच्या डोसपेक्षा बरंच कमी. मेंदूकडून खाली येणारे वेदना दाबणारे संदेश त्याने बळकट होतात. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडणं आणि गुंगी मात्र पहिल्याच रात्रीपासून. हा क्रम आधी कोणी सांगितलेला नसतो, म्हणून औषध चौथ्या दिवशी कचऱ्यात जातं. ही चारही औषधं बरेच दिवस घेतल्यावर एकदम तोडायची नसतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची असतात.

सोबत एकच कागद न्या. फाइल जाड असली की ती कोणी उघडत नाही. कागदावर तीन आकडे, शून्य ते दहा: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, जगण्यातला आनंद किती हिरावला, रोजची कामं किती अडली. या मोजपट्टीला पेग (PEG) म्हणतात. साधारण ३० टक्के उतार पडला तर तो अर्थपूर्ण फरक मानला जातो. म्हणून "दुखणं थांबवा" म्हणण्याऐवजी "सलग चार तास झोप लागावी" किंवा "स्वयंपाकघरात वीस मिनिटं उभं राहता यावं" असं मागा. त्यावर डॉक्टरांना काहीतरी करता येतं.

सगळ्या गोळ्यांची नावंही लिहा, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्यांचीसुद्धा. पॅरासिटामॉल सर्दीच्या आणि 'कॉम्बिनेशन'च्या गोळ्यांत लपलेलं असतं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, यकृताचा त्रास किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी.

"रिपोर्ट नॉर्मल आहेत" या वाक्याचा अर्थ "दुखत नाही" असा होत नाही. मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झाली की स्कॅनवर काही न दिसताही दुखतं. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. त्यासोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा आदर व्हावा. हे डॉक्टरांना सुनवायला नको, पण स्वतःशी पक्कं असू द्या.

मॉर्फिन, ट्रामाडॉल ही अफूच्या वर्गातली वेदनाशामकं, म्हणून हा नाजूक विषय. "तेच द्या" म्हटलं की समोरचा सावध होतो. त्यापेक्षा आधी काय दिलं, किती फरक पडला, काय त्रास झाला ते सांगा. शरीराला औषधाची सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅन्सरच्या दुखण्यात या औषधांना नाहक घाबरलं जातं. इतर जुनाट दुखण्यांत मात्र लांब पल्ल्याचा फायदा मर्यादित, हेही मान्य करावं लागतं. सुरू झालीच तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर श्वास मंदावतो, तिथे तडजोड नाही.

माझ्या मते कनवाळू डॉक्टर गोड बोलण्यावरून ओळखू नये. दुखऱ्या जागेला हात लावून तपासतात का? लागू न पडलेलं औषध बंद करतात का? रात्री कळ अनावर झाली तर काय करायचं ते आधी सांगतात का? एवढं असेल तर तुसडा स्वभाव चालवून घ्यावा.

आणि खोलीत सगळी उत्तरं तुम्हीच देऊ नका. दोन मिनिटं बाहेर थांबा. तुमच्यासमोर न बोलता येण्यासारखं, म्हणजे शरीरसंबंधातलं दुखणं किंवा जगणं नकोसं झाल्याची भावना, तेव्हाच बाहेर येतं.

कंबरदुखीत मांड्यांच्या आतला, बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच तासाला इस्पितळ.

डॉक्टर बदलायची वेळ आलीच तर जुन्या औषधांपुढे 'फरक नाही' एवढंच लिहू नका. किती डोस, किती दिवस आणि का थांबवलं, तेही लिहा. मळमळीमुळे तीन दिवसांत सोडलेलं औषध 'निकामी' म्हणून नोंदलं गेलं, तर नवे डॉक्टर ते पुन्हा कधी देणारच नाहीत.