सुपरहिरो व्हायचंय? मग आधी नीट खायला शिका

सुपरहिरो व्हायचंय ना, मग ते जिमचं वर्षाचं पॅकेज आधी कॅन्सल करा राव. उडणं, डोळ्यांतून किरण सोडणं या जागा कधीच भरल्यात. तुम्ही आदर्श ठेवा मॅटर-ईटर लॅडचा. हसू नका, डीसी कॉमिक्समध्ये १९६२ साली आलेला हा पोरगा, तिसाव्या शतकातल्या लीजन ऑफ सुपर-हिरोजचा रीतसर मेंबर, आणि पॉवर काय तर खाणं. लोखंड, दगड, भिंत, तुरुंगाचे गज, समोर येईल ते कराकरा चावून फस्त. हे काढणारा लेखक जेरी सिगल, म्हणजे सुपरमॅनवालाच! एकदा सुपरमॅन हिट झाल्यावर पुढं काहीही सुचलं तरी छापतात, याला म्हणतात सिनियॉरिटी.

ट्रेनिंगचं टेन्शन घेऊ नका. त्याच्या ग्रहावर जंतूंनी सगळं अन्न खाण्यालायक ठेवलं नाही म्हणून तिथली माणसं मिळेल ते पचवायला शिकली, आणि तुम्ही चार वर्षं हॉस्टेलच्या मेसमध्ये काढलीत, म्हणजे बेसिक तयारी झालीच आहे. ग्रहाचं नाव बिस्मॉल, अमेरिकेत पोट बिघडल्यावर घेतात त्या पेप्टो-बिस्मॉल नावाच्या गुलाबी औषधासारखंच, आता हा योगायोग समजायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा.

रिस्क आहे हां थोडी. एक मिरॅकल मशीन होतं, मनात येईल ते खरं करणारं, कशानंच मोडेना, शेवटी यानं ते खाऊन टाकलं. जग वाचलं पण हा वेडा झाला. तेव्हा मशीन खायच्या आधी निदान पाणी तरी प्या.

आणि पुढं स्कोप म्हणाल तर, काहीही खाऊन पचवणाऱ्या या माणसाला त्याच्या ग्रहानं थेट राजकारणात नेलं. अमेरिकन लेखकांना हे कुठून सुचलं देव जाणे, आपल्याकडं तर कोणी आले नव्हते.

सिलेक्शन नाहीच झालं तरी खचू नका. लीजननं रिजेक्ट केलेल्या पोरांनी १९६३ मध्ये सब्स्टिट्यूट हिरोज म्हणून वेगळी टीम काढली. त्यातल्या नाइट गर्लची ताकद फक्त अंधारात चालते, आणि स्टोन बॉय दगड होतो, बस, दगड झाल्यावर त्याला हलताच येत नाही. रविवारी श्रीखंड-पुरी हाणून दुपारी सोफ्यावर तुमचं जे होतं ना, तेच. लगेच अर्ज टाका.