ऑर्कनीत एक दिवस जहाज थांबणार असेल तर सहा नव्हे, दोनच ठिकाणं बघा

नॉर्वे-आइसलँडची क्रूझ घेतली की मधे बऱ्याचदा एक दिवस किर्कवॉलचा असतो. किर्कवॉल म्हणजे ऑर्कनी बेटांचं मुख्य गाव. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडची ही सुमारे 70 बेटं, त्यातल्या विसेक बेटांवर वस्ती, आणि माणसं सगळी मिळून 22,000 च्या आसपास. सगळ्यात मोठ्या बेटाचं नावच 'मेनलँड' आहे, त्यामुळे बसच्या वेळापत्रकात ते नाव दिसलं तर स्कॉटलंडची मुख्य भूमी समजून गोंधळू नका.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर इथे उतरायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. जहाज जर्मनीहून निघून ऑर्कनीमार्गे नॉर्वेला जाणार असेल तर तुम्ही शेंगेनच्या (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या) बाहेर पडून पुन्हा आत येता, म्हणून शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच हवा.

आता वेळेचा हिशेब. 'सकाळी 8 ते संध्याकाळी 5' असं छापलेलं असलं तरी उतरेपर्यंत नऊ वाजतात आणि साडेचारला परत जहाजावर असावं लागतं. हाती उरतात जेमतेम साडेसात तास. जहाज हॅटस्टनच्या धक्क्याला लागलं तर गाव तिथून साधारण 3 किलोमीटर, शटल बस असते. नांगर टाकून उभं राहिलं तर छोट्या टेंडर बोटींनी किनारा गाठायचा, त्यात आणखी तासभर धरा. वारा वाढला की टेंडर बंद होतात आणि कधी कधी थांबाच रद्द होतो. म्हणून स्थानिक टॅक्सी किंवा गाइड ठरवताना 'जहाज आलं नाही तर पैसे परत' हे आधी लिहून घ्या.

साडेसात तासांत सहा ठिकाणं दाखवणाऱ्या सहली मला मुळीच पटत नाहीत. तिथे निम्मा वेळ बसमध्ये चढण्या-उतरण्यात जातो. पश्चिमेची बाजू निवडा: स्कारा ब्रे आणि ब्रॉडगारचं शिलावर्तुळ, बस.

स्कारा ब्रे किर्कवॉलपासून साधारण 30 किलोमीटरवर. 1850 च्या वादळात वाळू उडाली आणि खालचं पाच हजार वर्षांपूर्वीचं गाव उघडं पडलं. मोहेंजोदडो बांधलं जात होतं तेव्हा इथली वस्ती उठत आली होती! घरांत उतरता येत नाही, वरच्या वाटेवरून आत बघायचं. पण नीट बघा. मधोमध दगडी चौकटीची चूल, दोन्ही अंगांना दगडी पलंग, आणि दारासमोर दोन मजली दगडी मांडणी. अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखी, आत शिरणाऱ्याला पहिली तीच दिसेल अशी. हे टिकलं कारण बेटावर झाडं फार कमी आणि इथला वालुकाश्म शहाबादी फरशीसारखा सपाट थरांनी सुटतो. लाकडाऐवजी सामानच दगडाचं झालं. याला किमान सव्वा तास द्या. आत जाऊन बघता येईल असं प्रतिकृतीचं घर प्रवेशद्वाराजवळच आहे. तिकीट ठरलेल्या वेळेचं, ते घरूनच काढा. X1 बस स्ट्रॉमनेसला जाते, स्कारा ब्रेला नाही. तिच्या भरवशावर निघाल तर अडकाल.

तिथून 15 मिनिटांवर ब्रॉडगार. 104 मीटर व्यासाचं वर्तुळ, भोवती खडकात खोदलेला खंदक, दोन बाजूंना दोन तळी. तिकीट नाही. पाऊस पडून गेला असेल तर आतली पायवाट बंद असू शकते, हजारो पायांनी गवत मरून चिखल होतो. तेव्हा दोरी ओलांडू नका. शेजारचं नेस ऑफ ब्रॉडगारचं उत्खनन 2024 मध्ये संपवून मातीखाली झाकलं आहे. जुन्या माहितीपत्रकात ते असेल, त्यासाठी वेळ राखू नका.

चालायला त्रास होणाऱ्यांनी त्याऐवजी दक्षिणेला जावं. किर्कवॉलपासून पाव तासावर पहिला चर्चिल बांध (दुसऱ्या महायुद्धात बांधलेला, बेटं जोडणारा) ओलांडला की लॅम होम बेटावर इटालियन चॅपल आहे. बांधांच्या कामावर आणलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी दोन पत्र्याच्या, अर्धगोल छपराच्या निस्सेन झोपड्या जोडून ते उभारलं. भिंतीवरच्या विटा आणि कोरीवकाम खरं नाही, सपाट पृष्ठभागावर रंगवलेलं आहे. हात लावण्याचा मोह होईल, लावू नका. दिवे मांसाच्या रिकाम्या डब्यांचे केलेले आहेत, मुद्दाम शोधून बघा.

उरलेला तास 1137 मध्ये सुरू झालेल्या सेंट मॅग्नस कॅथेड्रलला. प्रवेश मोफत.

जूनमध्येही पारा बहुतेक 15 अंशांच्या आसपासच असतो आणि वारा छत्री उलटी करतो. टोपीचं विंडचीटर आणि पकड असलेले बूट घ्या. परतीची शेवटची शटल मात्र धरू नका, तिच्या रांगेत अख्खं जहाज उभं असतं. उशीर झाला तर जहाज फक्त स्वतःच्या सहलीच्या बससाठी थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही.